फ्रेंच ए-२ झालं, पण कानाला काही लागत नाही. लियोंला जाण्याआधीचे चार महिने कसे वापरावेत?

जास्वंद

फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेची ए-२ पातळी पास झाले आहे, एकूण ६७ गुण. वाचन २१, लेखन १९, बोलणं १६ आणि ऐकणं फक्त ११. चार महिन्यांनी कामासाठी सहा महिने फ्रान्समधल्या लियोंला जायचं आहे. रोज दीड तास आणि रविवारी तीन तास फ्रेंचला देता येतील. तीन गोष्टींवर नेमका सल्ला हवा आहे.

१. छापलेलं वाक्य समजतं, तेच कोणी बोललं की एक सलग आवाज ऐकू येतो. हे कसं सुटतं?
२. शब्दांची लिंगं आणि भूतकाळातले शेवट (कुठे जादा ई लागतो, कुठे नाही) यांत सतत चुका होतात.
३. शाकाहारी, अंडंही नाही. तिथे बोलताना आणि सामान घेताना कोणते शब्द पक्के हवेत?

पडजीभ

वाचनात २१ आहेत म्हणजे शब्द तुम्हाला येतात. ते एकमेकांत मिसळून आले की ओळखता येत नाहीत, अडचण एवढीच आहे आणि ती संधीची आहे. शाळेत 'जगत् + ईश = जगदीश' सोडवलेल्याला फ्रेंचमधला हा प्रकार परका वाटायला नको. शब्दाच्या शेवटी मुकं असलेलं व्यंजन पुढे स्वर आला की जागं होतं आणि त्याला जाऊन चिकटतं. 'ले' आणि 'आमी' मिळून 'लेझामी', 'वु' आणि 'आव्हे' मिळून 'वुझाव्हे'. दुकानात हे महागात पडतं. दोन युरो म्हणजे 'दझरो' आणि बारा युरो म्हणजे 'दूझरो'. फरक एका स्वराचा, पण दहा युरोंचा. 'आणि' या अर्थाचा जो 'ए' आहे, तो मात्र पुढच्या शब्दाला कधीच जोडला जात नाही.

दुसरा भाग आहे गाळलेल्या अक्षरांचा. पुस्तकात 'ज न से पा' (मला माहीत नाही) असतं, रस्त्यावर 'शे पा' ऐकू येतं. 'ज स्वी' चं 'श्वी' होतं, 'त्यु आ' चं 'ता', 'इल नी या पा' चं 'यापा'. नकारातला 'न' बोलताना बहुतेक वेळा गळतो, म्हणून नकार ओळखायचा तो मागच्या 'पा' वरून. अशी वीसेक रूपं कागदावर लिहून रोज मोठ्याने म्हणा. जे तोंडाने म्हणता येत नाही ते कानाला सुटं करता येत नाही.

आता आवाज. मराठी माणसाला इथे इंग्रजीची सवय नडते. फ्रेंच 'टी' आणि 'डी' ही अक्षरं आपली दंत्य त, द आहेत. 'ताब्ल' म्हणायचं, 'टाब्ल' नाही. प, त, क हे आपल्यासारखेच, हवा न सोडता. म्हणजे व्यंजनांचं अर्धं काम मराठीत आधीच झालेलं आहे, ते इंग्रजीच्या वाटेने जाऊन बिघडवू नका.

नाकातल्या स्वरांचं मात्र उलट आहे. आपण अनुस्वार पाहिला की पुढच्या अक्षराप्रमाणे व्यंजन घालतो. आंबा म्हणजे 'आम्बा', अंडं म्हणजे 'अण्डं'. तीच सवय फ्रेंचमध्ये आली की 'बों पेर' चं 'बोम्पेर' होतं आणि ऐकणाऱ्याला वेगळाच शब्द वाटतो. तपासण्याची सोपी रीत: 'बों' म्हणून थांबा. ओठ मिटले असतील किंवा जीभ टाळूला लागली असेल, तर चुकलं. तोंड उघडं राहून आवाज नाकातून गेला पाहिजे. घरात कोकणी किंवा चित्पावनी बोलली जात असेल तर ती कानात असू द्या, तिथे हे स्वर जिवंत आहेत. मग 'व्हाँ' (वारा), 'व्हॅं' (वाइन) आणि 'व्हों' (जातात) ही तिकडी आरशासमोर म्हणा. पहिल्यात जबडा खाली, दुसऱ्यात ओठ बाजूंना ताणलेले, तिसऱ्यात ओठ गोल.

'यू' या अक्षराचा स्वर देवनागरीत नाही. 'त्यु' असं लिहितो तेव्हा मध्ये 'य' शिरतो, तो नको. 'ई' म्हणत राहा, जीभ तिथेच ठेवा आणि फक्त ओठ 'ऊ' सारखे पुढे काढा. हा स्वर आणि साधा 'ऊ' यांत 'वर' आणि 'खाली' एवढा फरक पडतो: 'दस्यु' म्हणजे वर, 'दसू' म्हणजे खाली. कपाटाच्या कोणत्या फळीवर वस्तू आहे हेच उलटं कळेल.

घशातल्या 'र' वर लोक महिनेच्या महिने घालवतात. मराठी 'र' वापरलात तरी समजतं. तो वेळ नाकातल्या स्वरांना द्या.

रोजच्या दीड तासातली तीस मिनिटं श्रुतलेखनाला. आरएफआय या फ्रेंच रेडिओवर सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या असतात आणि सोबत लिखित मजकूर मिळतो. पूर्ण दहा मिनिटं ऐकू नका, चाळीस सेकंदांचा तुकडा घ्या. दोनदा न थांबवता ऐका. मग थांबवत थांबवत लिहा, एक वाक्य जास्तीत जास्त पाच वेळा. त्यानंतरच मजकूर उघडा. चुकलेल्या प्रत्येक जागी कारण लिहा: शब्दच माहीत नव्हता, जोडणीमुळे ओळखला नाही, की अक्षर गळलं होतं. दोन आठवड्यांनी वही चाळली की तुमच्या चुकांचा मोठा ढीग कोणत्या कारणाचा आहे ते दिसेल, आणि सराव तिकडे वळवता येईल. शेवटी तोच तुकडा निवेदकाच्या मागोमाग, त्याच वेगाने, तीनदा म्हणायचा. टीव्ही५ मोंद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर ए-१ ते बी-२ पर्यंतचे फुकट चित्रफिती-सराव आहेत, ते रविवारी करा. फ्रेंच मालिका मराठी किंवा इंग्रजी उपशीर्षकांसह लावून बसणं ही करमणूक आहे, त्याने कान तयार होत नाही.

कर्मणी

भूतकाळाच्या शेवटांबद्दल. इंग्रजी माध्यमातून शिकवलं की हा नियम डोक्यावरून जातो. मराठीतून पाहिलात तर तो तुम्ही रोज वापरता.

आपण म्हणतो 'मी कागद लिहिला', 'मी चिठ्ठी लिहिली'. क्रियापद कर्माच्या मागे जातं. फ्रेंचमध्ये 'आव्हवार' या सहायक क्रियापदासोबत हेच होतं, पण एका अटीवर: कर्म क्रियापदाच्या आधी आलेलं हवं. 'मी चिठ्ठी लिहिली' या साध्या क्रमात ते नंतर येतं, म्हणून 'जे एक्री ला लेत्र', बदल नाही. 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना चिठ्ठी आधी येते, म्हणून शेवटी जादा ई लागून 'ला लेत्र क जे एक्रीत'. शेवटचा 'त' तिथे ऐकूही येतो. 'चावी' साठी तसंच: 'जे प्री ला क्ले', पण 'ला क्ले क जे प्रीझ'. लिहिताना एकच प्रश्न विचारायचा: कर्म डावीकडे आलंय का? आलं असेल तर मराठीसारखं, नसेल तर जसंच्या तसं.

आता 'ती गेली, ती आली, ती पडली'. इथे मराठीत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्येही जाणं, येणं, निघणं, पोचणं, चढणं, उतरणं, पडणं, (आहे तिथेच) राहणं, जन्मणं, मरणं अशी मोजकी क्रियापदं 'एत्र' हे दुसरं सहायक क्रियापद घेतात आणि कर्त्याप्रमाणे बदलतात. मराठीची साथ इथे संपते, हेही लक्षात ठेवा. 'ती नाचली', 'ती झोपली' मराठीत कर्त्याप्रमाणे आहेत, पण नाचणं आणि झोपणं या अर्थांची 'दाँसे' आणि 'दॉर्मीर' ही फ्रेंच क्रियापदं 'आव्हवार' घेतात आणि बदलत नाहीत. चढण्या-उतरण्याच्या क्रियापदांना कर्म मिळालं की तीही 'आव्हवार' कडे जातात: मी चढले ('एत्र'), पण मी बॅग वर चढवली ('आव्हवार').

दोन भूतकाळांतली निवड अशीच सोपी होते. 'गेले, खाल्लं, भेटले' इथे पासे कॉम्पोझे. 'जायचे, खायचे, भेटत असे, पाऊस पडत होता' इथे अँपार्फे. इंग्रजी वाक्य मनात आणलंत तर बऱ्याचदा दोन्हीकडे एकच रूप दिसेल आणि अंदाज करावा लागेल. मराठी वाक्य आणा, निर्णय क्रियापदातच असतो.

'आँ' हे छोटं सर्वनाम पुस्तकात दोन पानं खातं. त्याचा अर्थ 'त्यातला, त्यातले'. बेकरीत काउंटरवरच्या क्र्वासाँकडे बोट दाखवून 'जाँ व्हूद्रे द' म्हणजे 'त्यातले दोन द्या'. आपण 'मला दोन द्या' असंही म्हणतो, फ्रेंचमध्ये 'त्यातले' गाळता येत नाही. 'मला' ने सुरू होणारी वाक्यंही जवळची आहेत. 'इल म फो द किलो' म्हणजे मला दोन किलो लागतात. 'त्यु म माँक' म्हणजे मला तुझी उणीव भासते. करणारा 'तू' आहे, 'मी' नाही. इंग्रजीतून विचार केला की नेमकं उलटं बोललं जातं.

आणि काळ मोजताना 'वी जूर', शब्दशः आठ दिवस, म्हणजे आठवडा. 'कँझ जूर', पंधरा दिवस, म्हणजे पंधरवडा. चौदा म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका.

लिंगाला मराठीचा आधार घेऊ नका. चंद्र तिथे स्त्रीलिंगी आहे, समुद्रही. प्रत्येक शब्द 'अँ' (पुल्लिंगी 'एक') किंवा 'यून' (स्त्रीलिंगी 'एक') सह पाठ करा, 'ल' किंवा 'ला' सह नको, कारण स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी दोन्हींचं 'ल' होऊन लिंग लपतं. शेवटांवरून बराच अंदाज येतो. '-सियों', '-एत', '-आँस' स्त्रीलिंगी. '-माँ', '-आज', '-इस्म' पुल्लिंगी. '-आज' मध्ये प्लाज (समुद्रकिनारा), पाज (पान), इमाज (चित्र), काज (पिंजरा) हे स्त्रीलिंगी अपवाद आहेत, तेवढे वेगळे पाठ करा. '-आँस' मध्ये 'सिलाँस' (शांतता) पुल्लिंगी आहे.

दगडी_पूल

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दुकानात, बेकरीत, दवाखान्यात, बसमध्ये चढताना पहिला शब्द 'बोंजूर', संध्याकाळ झाली की 'बोंस्वार'. तो न म्हणता थेट प्रश्न विचारला तर उत्तर कोरडं मिळतं, आणि परक्या माणसाला वाटतं की आपल्या उच्चाराची चूक झाली. मग 'ज व्हूद्रे' (मला हवं होतं), शेवटी 'सिल व्हू प्ले'. अनोळखी माणसाला 'वू', म्हणजे आपलं 'तुम्ही'. 'तू' वर कधी यायचं ते समोरच्याला सुचवू द्या.

लियों हे शाकाहाऱ्यासाठी फ्रान्समधलं अवघड शहर आहे. तिथल्या पारंपरिक खाणावळींना 'बूशों' म्हणतात. त्याच शब्दाचे बुच आणि वाहतूक कोंडी असेही अर्थ आहेत, रेडिओवर ऐकलात तर बहुधा कोंडी असते. बूशोंमधलं जेवण आतडी, सॉसेज, डुक्कर यांवर उभं आहे. 'सालाद लियोनेझ' नावाला सॅलड आहे, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे ('लार्दों') आणि अंडं असतं. 'कनेल' या लांबट, मऊ गोळ्यांमध्ये बहुधा मासा असतो, साध्या प्रकारातही अंडं असतं. याच्या उलट, 'सर्व्हेल द कान्यु' चा शब्दशः अर्थ 'रेशीम विणकराचा मेंदू' आहे, पण ते चक्क्यासारख्या ताज्या चीजमध्ये कांद्याचा एक प्रकार, चाइव्हची पात आणि तेल-व्हिनेगर घालून केलेलं असतं. मांस नाही, अंडं नाही, कधी थोडी व्हाइट वाइन असते. 'ग्रातँ दोफिन्वा' म्हणजे बटाट्याच्या चकत्या दूध-सायीत भाजलेल्या, वर लसणाचा वास. तेही चालतं, पण विचारून घ्या.

नुसतं 'शाकाहारी आहे' सांगून भागत नाही. काही ठिकाणी मासा मांसात धरला जात नाही, आणि सुपाचं पाणी मांसाचं असू शकतं. वाक्य पूर्ण पाठ करा: 'ज न मांज नी व्ह्यांद, नी प्वासों, नी अ'. मांस नाही, मासा नाही, अंडी नाहीत. पुढे विचारा 'इल या द्यु बूयों द व्ह्यांद?', मांसाचं पाणी आहे का? कांद्याच्या सुपाला हा प्रश्न हमखास लागतो. डब्यावर वाचायचे शब्द: 'जेलातिन', 'सँदू' (डुकराची चरबी), 'प्रेझ्युर' (चीज विरजण्याचं रेनेट, पुढे 'आनिमाल' असेल तर प्राण्याचं). बेकरीतल्या बहुतेक गोड पदार्थांत अंडं असतं. साधा 'बागेत' (लांब फ्रेंच पाव) मुख्यतः पीठ, पाणी, मीठ आणि यीस्टचा असतो, तो निर्धास्त घ्या.

स्वयंपाकासाठी. पिठाच्या पुडीवर 'टी' आणि आकडा असतो, आकडा वाढेल तसा कोंडा जास्त. टी-५५ म्हणजे मैद्यासारखं. कणकेच्या जवळ जातं ते टी-१५०. त्याची पोळी कडेला फाटत असेल तर निम्मं टी-६५ मिसळा, कोमट पाण्याने मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मसूर डाळ 'लांतीय कोराय', वाटाण्याची डाळ 'प्वा कासे', बेसन 'फारिन द प्वा शिश', रवा 'स्मूल', हळद 'क्युरक्युमा', मेथी 'फन्यूग्रेक'. जिऱ्याला 'क्युमँ' म्हणायचं, 'कार्व्ही' वेगळं आणि त्याने फोडणीची चव बदलते. कोथिंबिरीची जुडी म्हणजे 'यून बॉत', लसणाचा गड्डा 'तेत', पाकळी 'गूस'. बाजारात 'यून लिव्र' म्हटलं की अर्धा किलो मिळतं. लियोंच्या गियोतियेर भागात आशियाई आणि उत्तर आफ्रिकी किराणा दुकानं आहेत, डाळी-मसाल्यांसाठी आधी तिकडे जा.

हॉटेलात 'अँत्रे' म्हणजे सुरुवातीचा छोटा पदार्थ, मुख्य जेवण नाही. 'मन्यु' म्हणजे ठरलेल्या किमतीची थाळी, पदार्थांची यादी हवी असेल तर 'कार्त' मागा. जेवणासोबत 'यून काराफ दो' मागितलं की नळाचं पाणी फुकट मिळतं. दुपारी दोनच्या पुढे बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, संध्याकाळी सातच्या आधी उघडत नाही.

जास्वंद

तिघांचे मनापासून आभार. 'डावीकडे कर्म' वाली खूण कालच्या निबंधावर लावून पाहिली, सहापैकी पाच चुका त्याच निघाल्या. आणखी दोन प्रश्न. जाण्याआधी बी-१ देणं शक्य आहे का? आणि फोन नंबर ऐकून लिहिताना सत्तरच्या पुढे गडबड होते, त्याला काय करावं?

पडजीभ

नंबर आधी. फ्रान्समध्ये दहा आकडी नंबर दोन-दोनच्या जोड्यांत सांगतात. 'स्वासाँत' ऐकताच ६० लिहिलंत की फसलात, पुढे 'दूझ' आलं तर तो ७२. 'कात्र व्हॅं' ऐकताच ८० लिहिलंत तरी तसंच, पुढे 'त्रेझ' आलं तर ९३. म्हणून पेन उचलून धरा आणि जोडी पूर्ण होईपर्यंत थांबा. जुन्या माणसांकडून 'चार विसा' ऐकलं असेल तर 'कात्र व्हॅं' तेच आहे, चार वेळा वीस, त्यावर उरलेले. सराव असा: ६० ते ९९ मधले आकडे चिठ्ठ्यांवर लिहा, घरातल्या कुणाला यादृच्छिकपणे दाखवायला सांगा आणि तुम्ही मोठ्याने म्हणा. मग फोनच्या उच्चार-सुविधेने बोलवून लिहा. रोज पाच मिनिटं, तीन आठवडे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या लोकांकडून 'सेप्ताँत' (७०) आणि 'नोनाँत' (९०) ऐकू आलं तर दचकू नका, ते जास्त सरळ आहे.

कर्मणी

बी-१ चं गणित. ए-२ पासून तिथपर्यंत साधारण दीडशे ते दोनशे तास धरतात. तुमचे आठवड्याला बारा तास, सतरा आठवडे, म्हणजे २०४. जमेल, पण आठवडे वाया गेले तर नाही. पुण्यात किंवा मुंबईत आलियाँस फ्रांसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत पुढची तारीख आजच विचारा, नोंदणी परीक्षेच्या बरीच आधी बंद होते.

चार भाग, प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला १०० पैकी ५०, पण कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर बाकीचे कितीही असोत, नापास. ऐकण्याचा भाग साधारण २५ मिनिटांचा, ध्वनिफिती दोनदा ऐकवतात. पहिल्यांदा ऐकण्याआधी प्रश्न वाचायला जो वेळ मिळतो, त्यात प्रत्येक प्रश्नातला एक शब्द अधोरेखित करा आणि फक्त त्याच्या मागावर राहा. प्रत्येक शब्द पकडायला गेलात की दुसरं वाक्य निसटतं.

लेखन किमान १६० शब्द, ४५ मिनिटं. दोन मोकळ्या जागांमधला मजकूर एक शब्द मोजतात, म्हणजे 'जे' (j'ai), 'ले' (l'ai) सारखी अपॉस्ट्रॉफीने जोडलेली जोडी एकच धरली जाते. हाताने मोजताना हे विसरलं की १६० वाटलेला निबंध १४५ निघतो. पाच मिनिटं मुद्दे, तीस मिनिटं लिहिणं, दहा मिनिटं तपासणी. तपासताना पूर्ण वाचू नका. एका फेरीत फक्त क्रियापदांचे शेवट, दुसऱ्या फेरीत फक्त विशेषणांचं लिंग-वचन.

तोंडी परीक्षेत तीन भाग असतात: स्वतःची ओळख, परीक्षकासोबत एक प्रसंग निभावणं आणि छोट्या मजकुरावर मत मांडणं. तयारीची दहा मिनिटं फक्त तिसऱ्यासाठी आहेत. प्रसंगाच्या भागात गुण जातात ते सौजन्य विसरल्यामुळे. परीक्षक दुकानदार झाला की 'बोंजूर' आणि 'वू' तिथेही लागतात, मित्र झाला की 'त्यु'.

दगडी_पूल

+१. लियोंपुरती एक भर. तिथले लोक 'मला ते माहीत आहे' अशा वाक्यात 'ल' च्या जागी 'ई' घालतात, 'जी से'. पुस्तकात 'ई' चा अर्थ 'तिथे' असतो, म्हणून आधी गोंधळ होतो. ऐकून समजून घ्या, पण परीक्षेच्या कागदावर ते लिहू नका.